मधलीच्या घरच्या लक्ष्म्या

सोमवार, ४ ऑगस्ट

आज इंग्रजीच्या क्लासमध्ये साळवे मॅडमनी चिठ्ठ्यांचा डबा फिरवला. मला निघाला 'सेंट्रल'. शेजारच्या कुंदाला 'ब्रेव्ह' मिळाला, तर ती लगेच घाबरली.

मॅ.चा नियम असा. प्रत्येकीनं महिनाभर आपला शब्द सांभाळायचा. जिथं दिसेल तिथं बघायचा, वापरायचा आणि रोज चार ओळी वहीत लिहायच्या, मराठीत चालतील. महिना संपला की खुर्च्यांचा गोल करतात, मधल्या खुर्चीवर बसून त्या शब्दावर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. हातात कागद नाही. वही कुणी बघणार नाही म्हणाल्या. बघितली तरी हरकत नाही, अक्षर चांगलं आहे माझं.

घरी येऊन डिक्शनरी काढली. सेंट्रल म्हणजे मध्यवर्ती, मधला. मधला! तीन जावांमधली मी मधली. एकतीस वर्षांत सासरी मंदा म्हणून कुणी हाक मारली असेल तर आठवत नाही. पाचोडच्या अक्का थोरल्या, हर्सूलची शीतल धाकटी आणि मुकुंदवाडीची मी 'मधले'. म्हणजे डब्यातून माझंच नाव निघालं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मग महिना कशाला पाहिजे, उद्याच बोलून मोकळी हो.

गुरुवार, ७ ऑगस्ट

क्लासमध्ये शंका विचारली. आमच्या शीतलचा फ्लॅट हर्सूलला, जेलच्या पुढं. जेलच्या पाटीवर सेंट्रल लिहिलंय. पण जेल तर शहराच्या टोकाला, मग सेंट्रल कसं? सगळ्या हसल्या. मॅ. हसल्या नाहीत. सत्तावीस वर्षांची पोरगी, पण प्रश्नाला मान देते.

त्यांनी फळ्यावर एका ओळीत तीन ठिपके काढले आणि मधल्यावर खूण केली. हा मिडल. मग एक ठिपका काढून त्याला चहूबाजूंनी रेघा जोडल्या. हा सेंट्रल. म्हणाल्या, "मिडल व्हायला दोन बाजूला दोघं असली की झालं. सेंट्रलवर बाकीच्यांचा भार असतो. ते नकाशात कडेला असलं तरी चालतं."

मग मी नुसती मिडल. अळणी वाटलं जरा.

ह्यांना जेवताना सांगितलं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर, सगळी नोकरी सेंट्रल बसस्टँडवर गेलेली. भात कालवायचा थांबून म्हणाले, म्हणजे मी पहिल्यापासून सेंट्रलचाच माणूस. पुढं दही स्वतः उठून घेतलं. खुशीत असले की घेतात.

शनि., ९ ऑगस्ट

वाक्यं करून आणायची आहेत. सेंट्रलच्या पुढं 'टू' लावायचं, म्हणजे कशाला सेंट्रल ते कळतं. माझी:
सॉल्ट इज सेंट्रल टू वरण.
थ्रेड इज सेंट्रल टू ब्लाउज.
शीतल इज सेंट्रल टू सेल्फी. (हे क्लासमध्ये वाचणार नाही.)

दोन ब्लाउज द्यायचे राहिले. एकीला पाठीवर डोरी हवी, एकीला नको, आणि कुठली कुठलीला ते मी विसरले.

मंगळ., १२ ऑगस्ट

अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सगळं व्यवस्थित झालं, देवाची कृपा. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं तर, लक्ष्म्यांना किती दिवस राहिले. मी म्हटलं, एकोणीस. तर म्हणे तोवर उभी राहते मी.

डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना खाली बसायचं नाही, जास्त वेळ उभं राहायचं नाही. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. आता त्या शीतलकडे राहणार, तिथं लिफ्ट आहे. दरवर्षी गौरी-गणपतीत लक्ष्म्या बसतात ते पाचोडचं घर दीड महिना बंद. मग लक्ष्म्या कुठं बसणार, डोक्यात सगळ्यांच्या तेच.

गुरु., १४ ऑगस्ट

कुणी बघणार नाही म्हणून लिहिते.

लक्ष्म्या दोन. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. थोरली आणि धाकटी. मधली कुणी नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या मनात हे आलं होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मधली सैपाक करीत असंल.

तसंच झालं. साड्या नेसवायच्या अक्कांनी. पाचोडच्या चार गल्ल्यांत त्यांच्यासारख्या निऱ्या कुणाला येत नाहीत. शीतल आल्यापासून रांगोळी, आरतीचं ताट, फोटो तिच्याकडे. पुरण, आंबील, सोळा भाज्या, कढी, फुलोऱ्याच्या करंज्या माझ्याकडे. मुखवटेही मीच चिंचेनं घासते, चुलीपाशी बसून. ज्येष्ठेच्या हनुवटीला छोटासा पोचा आहे, तो मला अंधारातही बोटाला लागेल.

तक्रार नाही. माझ्या पुरणाला गावात नाव आहे. पण पाचोडच्या घरात लक्ष्म्या बसतात त्यांच्या मागंच स्वयंपाकघराचं दार. तिथून मला दिसतात त्या साड्यांच्या पिना आणि लक्ष्म्यांच्या पाठी. पाया पडायला पुढं जाते तेव्हा मान खाली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं की तेल तापलंय.

मी शिंपीण. लोकांच्या सुनांना नेसवून दिलं, क्लासच्या गॅदरिंगला नऊ जणींना नेसवलं. एकदा त्या दोघींना माझ्या हातानं नेसवायचंय. माझ्या घरात. एवढंच.

रविवार, १७ ऑगस्ट

बोलले.

हर्सूलला शीतलकडे सगळे जमले होते. अक्का कॉटवर, पाय उशीवर. अक्कांचे मालक, म्हणजे आमचे दादा, शीतल, तिचा नवरा, हे आणि मी. दादांनी विषय काढला. सगळ्यांचं ठरल्यासारखंच होतं, शीतलचा हॉल मोठा आहे, उजेड चांगला आहे, अक्का इथंच आहेत. मी चहाचे कप गोळा करत होते. कप हातात असतानाच म्हणाले, "लक्ष्म्या माझ्याकडं बसू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मग एका दमात कारणं सांगितली. पाचोडच्या लोकांना हर्सूल लांब पडतं. परभणीच्या वन्सं आगगाडीनं येतात, मुकुंदवाडीला उतरल्या की आमचं घर चालत पाच मिनिटं. शीतललाही हर्सूलहून सोपं. माझं घर सगळ्यांना सेंट्रल पडतं. हा शब्द मराठीत बोलताना कसा तोंडात आला माझं मला कळलं नाही. हे चपापून माझ्याकडे बघत होते.

शीतल लगेच म्हणाली, ताई, खरंच घ्या, मला बँकेतून एकच दिवस सुट्टी आहे आणि माझी पुरणपोळी तुम्हाला माहीत आहे. गुणाची आहे ती, मी सेल्फीवरून उगीच बोलते.

अक्का बाल्कनीतून तलावाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यापायी देवी घर सोडीत नसत्यात." संपलं.

येताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला. रिक्षात! शेजारी परका माणूस बसलेला.

बुध., २० ऑगस्ट

काही निरोप नाही. अक्कांचंही बरोबरच आहे. सासूबाईंनी लक्ष्म्यांच्या पेटीची किल्ली त्यांच्या हातात दिली ती आजतागायत त्यांच्या पदराला आहे. एकदा दुसऱ्या घरी गेलेलं परत येईल का, अशी भीती मलाही वाटली असती. हे कळतं, म्हणूनच राग धड येत नाही. अर्धाच येतो.

सेंट्रल आज कुठंच दिसला नाही. मीही शोधला नाही.

शनि., २३ ऑगस्ट

काल पोळा झाला. दादा बैलांसाठी पाचोडला गेले होते. आज सकाळी अक्कांचा फोन. नेहमीसारखा, हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"मधले, आंबिलीचं पीठ किती दिवस आंबवतीस?"

मी म्हटलं, दोन.

"तिकडं हवा दमट हाय. दीडच दिवस ठेव."

आणि ठेवला. मी फोन हातात धरून उभी. तिकडं म्हणजे कुठं? हर्सूलला तलावाची हवा दमट, की मुकुंदवाडीला नाल्याची? ह्यांना विचारलं. म्हणाले, अगं आंबील तूच करणार, मग तिकडं म्हणजे तुझ्याकडंच. तरी शीतलला फोन लावून खात्री केली. शीतल हसायलाच लागली. रात्री अक्कांनी तिला विचारलं म्हणे, मधलीच्या घराला उंबरा हाय का, का नुसती फरशी. उंबरा आहे म्हटल्यावर बरं म्हणाल्या.

उंबऱ्याला उद्या हळद लावणार. लई, लई आनंद झालाय. आमच्या मॅ.ना कळवावंसं वाटलं, पण आज शनिवार, क्लास नाही.

मंगळ., २६ ऑगस्ट

ह्यांनी ड्यूटी बदलून पाचोडची गाडी घेतली आणि पेटी आणली. सांगत होते, पेटीला खिडकीची सीट दिली. आडूळला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं सीट मागितली. पेटीत कोण आहे सांगितल्यावर तो सिडको स्टँडपर्यंत हात जोडून उभा राहिला. पेटी उतरवायलाही त्यानंच हात लावला.

किल्ली अक्कांनी शीतलबरोबर पाठवली, सुती धाग्यात बांधून. सोबत निरोप, ज्येष्ठेला हिरवी साडी आणि कनिष्ठेला लाल. बाकी तुला कळतंय.

बाकी तुला कळतंय! हे दोनदा लिहावंसं वाटलं.

गुरु., २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. क्लासला सुट्टी. मुखवटे चिंचेनं घासले, या वेळी पुढच्या खोलीत बसून, पंख्याखाली. लोखंडी स्टँड उभे करून बघितले, एकाला खाली लाकडाची चकती लावावी लागली. कपाट आतल्या खोलीत ढकलताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. आता हे आडवे पडून सूचना करतात.

शीतलच्या मोबाइलमध्ये जुने फोटो बघितले. साड्या, माळा, फुलोरा दिसतो, मुखवटे हारांत अर्धे बुडालेले, कुठली कोण ते कळत नाही. मला काय गरज? एकतीस वर्षं बघतेय.

रविवार, ३१ ऑगस्ट

आल्या.

वन्सं आणि शीतल मुखवटे घेऊन दारात, मी उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढलेली. कशाच्या पावलांनी आली, सोन्याच्या पावलांनी आली, म्हणत सगळ्या घरभर फिरवल्या. घर केवढं, दोन खोल्या. दोनदा फिरवल्या म्हणून बरं वाटलं.

मग सगळ्यांना बाहेर काढलं. अडीच तास लागले. पदराच्या निऱ्या एकेक इस्त्रीनं दाबल्या, आतून टाके घातले, पिन एकही दिसू दिली नाही. हिरवी आणि लाल. लक्ष्म्यांच्या बाळांच्या छोट्या मूर्ती दोघींच्या मधोमध ठेवल्या. दार उघडायच्या आधी एकटीच पुढं जाऊन उभी राहिले.

पहिल्यांदा. मान वर करून.

नेसून उभ्या राहिल्यावर किती हसऱ्या दिसतात दोघी. मला माहीतच नव्हतं. मी तिथंच बसून पोटभर रडले, आणि मग कांदा चिरलाय म्हणून सांगितलं, तर वन्सं म्हणाल्या, आज कांदा कसा चिरलास?

सोमवार, १ सप्टेंबर

नीट लिहिते, एकही शब्द गाळणार नाही.

पूजेला पस्तीस माणसं. पाचोडहून जीप भरून आली. अक्का रिक्षातून उतरल्या, वॉकर धरून उंबरा स्वतः ओलांडला. त्यांच्यासाठी लक्ष्म्यांसमोर खुर्ची ठेवली होती. बसल्या. निऱ्या बघितल्या, एकेक. पदराला हात लावून बघितला.

मग म्हणाल्या, "मधले, ज्येष्ठा कुठली?"

मी हिरवीकडे बोट केलं.

"ती कनिष्ठेच्या जागी हाय."

ज्येष्ठा नेहमी समोरच्याच्या डाव्या हाताला. मी उजव्या हाताला उभी केली होती. आणि एकदा उभ्या राहिल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत हलवता येत नाहीत. वन्सं तोंडाला पदर लावून उभ्या. मला वाटलं, झालं, एवढं तोंड वर करून मागून घेतलं आणि देवीच उलट्या बसवल्या.

अक्का म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलं असं?"

मी म्हटलं, "कुणी नाय. दरवर्षी मी अशाच बघते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लक्ष्म्यांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथं नुसती भिंत. पाचोडला तिथं दार असतं. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"व्हय," म्हणाल्या. "तू मागनं बघतीस."

आणि हसायला लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. वॉकर हलेपर्यंत हसल्या. मग दादा हसले, वन्सं हसल्या, न कळलेले पाहुणेही हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. हसता हसता अक्कांचे डोळे भरले. पदरानं पुसून मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "एकतीस वर्षं. आन एकदा बी मला सुचलं नाय, की हिला म्हनावं, ये पुढं."

माझ्या आयुष्यातला सगळा अर्धा अर्धा राग त्या क्षणी गेला. खरंच गेला. शोधला तरी सापडत नाही.

मग त्यांनी फर्मान काढलं. मधली पुढं पाटावर बसणार, आरती संपेस्तोवर उठायचं नाही. तव्यावर शीतल. शीतलच्या पोळ्या सगळ्या फाटल्या, पुरण तव्यावर सांडून जळलं, घरभर वास. पस्तीस माणसांनी फाटक्या पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या. पाचोडचे एक तात्या म्हणाले, यंदा पोळीत पुरण हाय का पुरणात पोळी हाय? शीतल म्हणाली, तात्या, इनोव्हेशन आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर

निरोप दिला. मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. किल्ली अक्कांच्या हातात दिली, त्यांनी कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. त्यांच्या डोळ्यांत होतं काहीतरी, माझ्याही.

दादांची जीप दारात उभी. हे पेटी उचलायला वाकले, कमर धरून. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. गाडीत पाय लांब करायला जागा लागती."

जीपमधली माणसं कालच एसटीनं पाचोडला गेली होती. मागची अख्खी सीट रिकामी होती. मी बघितली, ह्यांनीही बघितली.

पेटी कॉटखाली ठेवलीय. वर जुनी चादर.

सोम., ८ सप्टेंबर

मॅ.ना पोळ्या नेऊन दिल्या, न फाटलेल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हेच बोला. मी म्हटलं, इंग्रजीत? त्या म्हणाल्या, रडायला लागलात तर मराठीत रडा.

आरशासमोर सराव. हे घड्याळ लावून ऐकतात. दीड मिनिटातच संपतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

बोलले. चार मिनिटं दहा सेकंद, मॅ.नी मोजली.

खुर्च्यांचा गोल, मधल्या खुर्चीवर मी. सगळ्या बाजूंनी बायका. जेलचं आणि बसस्टँडचं सांगितलं, हसल्या. मग म्हटलं, इन अवर हाउस थ्री सिस्टर्स-इन-लॉ. आय ॲम मिडल. फेस्टिव्हलमध्ये आमचं किचन मागं असतं, किचन इज सेंट्रल टू फेस्टिव्हल, बट किचन सीज ओन्ली बॅक. मग उलट्या लक्ष्म्यांचं सांगितलं. व्याकरण सगळं गडबडलं, पण बायका हसत होत्या ते बरोबर ठिकाणी. समोर बसलेल्या शिंदेबाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला. त्याही मधल्याच, नंतर जिन्यात सांगितलं त्यांनी.

शेवटी मॅ.नी विचारलं, सो आर यू सेंट्रल ऑर मिडल? मी म्हटलं, मॅडम, पेटी माझ्याकडे आहे, किल्ली अक्कांकडे. व्हॉट इज दॅट इन इंग्लिश? मॅ. डिक्शनरी बघून सांगते म्हणाल्या.

घरी आले तर अक्कांचा फोन. हॅलो नाही.

"पेटी कोरड्या जागी हाय ना?"

आहे म्हटलं. कॉटखाली, चादर घालून.

"कापूर टाक दोन. आन तुझी ती वही हाय ना, शीतल सांगत होती. तिच्यात लिहून ठेव. समोरनं बघताना डाव्या हाताला ज्येष्ठा."

लिहिते म्हटलं. त्यांनी ठेवला.

पुढच्या वर्षी कुठं, इथं की पाचोडला, ते बोलल्या नाहीत. कापूर टाकायला पेटी ओढली, तेव्हा आठवलं, कुलूप आहे. दोन वड्या चादरीच्या घडीत ठेवल्या.

समोरनं बघताना डाव्या हाताला ज्येष्ठा.